पाच एचपीचं विमान

परवा दुपारी दुकानात पाच एचपीची सबमर्सिबल आली. दुखणं नेहमीचंच. रात्री एक फेज गेला, शेतकरी झोपलेला, पॅनलमधला प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर आपोआप बंद करणारा डबा) कुणीतरी आधीच काढून डायरेक्ट जोडलेला. मोटर दोन फेजवर गुरगुरत राहिली आणि पहाटेपर्यंत जळली. आंबिया बहाराची संत्री झाडावर, मे महिना, त्यामुळे काकाजी मोटरीसोबत स्वतःच आले आणि दुकानासमोरच्या लिंबाखाली ठाण मांडून बसले. बोअरची मोटर भरणं, म्हणजे जळालेली तार काढून नवी ओवणं, घाईचं काम नाही. पीव्हीसी कोटिंगची तार, सुईत दोरा ओवावा तशी एकेक वेढा स्लॉटमधून ओवत न्यावी लागते. कोटिंगला ओरखडा गेला की पाणी आत शिरलं आणि सगळी मेहनत मातीत.

मी तार ओवत होतो तेवढ्यात फोन वाजला. भाच्याचा मेसेज जर्मनीहून: "मामा, काल २८७ किमी. मोटर ० मिनिटं."

काकाजींना दाखवलं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. पांढरंशुभ्र, सुरईसारखं निमुळतं अंग, दोन्हीकडे लांबच लांब पंख.

"हे इमान हाय?"
"हो. ग्लायडर. लांब पंखांवर हवेत तरंगतं."
"मंग मोटर ० मिनिटं म्हंजे? बिघडली का त्याची?"

हे पोस्ट त्या प्रश्नाचं उत्तर आहे. काकाजींना तोंडी दिलं, इथे जरा ऐसपैस देतो.

आधी माझं सांगतो. नागपूरला कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये होतो आणि तिथे रोहिणी नावाच्या ग्लायडरमध्ये बसलो. दोघं शेजारीशेजारी बसतात असं लाकडी ग्लायडर, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं, एस. रामामृतम यांनी आपल्याच देशात डिझाइन केलेलं. त्या काळच्या भारतीय ग्लायडरांची नावं पाहा: अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर. नक्षत्रांवर पेरणी ठरवणाऱ्या घरातल्या पोराला याहून जवळची नावं कुठली सापडणार? विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोरानं ते ग्लायडर पतंगासारखं वर खेचलं जायचं, दोर सुटला की एकदम शांत, आणि मग चार-पाच मिनिटांत खाली. मला असं वाटायचं की ग्लायडिंग म्हणजे एवढंच, हळूहळू पडणं. पुढे कॉलेज सुटलं, वडिलांचं आजारपण आलं, वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला परतलो, शेती आणि रिवाइंडिंगचं दुकान यात तीस वर्षं गेली.

मागच्या ऑगस्टमध्ये भाच्यानं ताईला आणि मला तीन आठवडे जर्मनीला नेलं. दुसऱ्याच रविवारी तो म्हणाला, "मामा, चर्च-बिर्च नंतर. आज तुम्हाला मोटर दाखवतो." किर्शहाइम गावाजवळ हानवाइडे नावाचं गवताचं मैदान आहे. तिथे ट्रेलरमधून त्यानं आणि त्याच्या दोन भागीदारांनी एक ग्लायडर बाहेर काढलं, पंख जोडले, आणि मी नुसता बघत राहिलो. लाक-१७बी, लिथुआनियात बनलेलं, एका माणसाचं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १८ मीटर. किंमत मी विचारली. सांगत नाही, ताईला अजून माहीत नाही.

पण मला बघायचं होतं ते नाक. नाकाच्या टोकाला पंख्याची दोन पाती, आणि ती नाकाला चिकटून मागे वळलेली, शंकरपटात जोड सुटली की गोऱ्ह्याचे कान मागे पडतात तशी. कार्बनची, हातात घेतली तर वजनच कळू नये. मोटर बंद असली की वारा त्यांना मागे दाबून धरतो. चालू केली की फिरण्याच्या जोरानं ती बाहेर फेकली जातात आणि १ मीटर व्यासाचा पंखा तयार. बंद करताना इलेक्ट्रॉनिक्स मोटरीला ब्रेक लावतं, पाती बरोबर जागेवर थांबवतं, आणि ती पुन्हा नाकाला चिकटतात. सगळं काही सेकंदांत.

या व्यवस्थेला एफईएस म्हणतात, समोर बसवलेली इलेक्ट्रिक सस्टेनर, म्हणजे तरंगत ठेवणारी मोटर. स्लोव्हेनियातल्या लुका झ्निदारशिच यांनी ती घडवली आणि २००९ साली लाक-१७ वरच पहिल्यांदा उडवली. आत मोटर आहे ती साधारण १८ सेंटीमीटर व्यासाची, वजन सात किलोच्या आसपास. सात किलो! माझ्या दुकानात येणारी पाच एचपीची मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात, उचलायला दोन माणसं लागतात. आणि ही सात किलोवाली जोर लावला तर २२ किलोवॅट देते, म्हणजे ३० एचपी. मी तिथेच गुडघ्यावर बसलो. भाचा म्हणतो, मामा, लोक ग्लायडरसोबत फोटो काढतात, तुम्ही नाकात डोकं घातलं.

आता यात जादू नाही. आपल्या मोटरींना बिडाचं अंग असतं, ५० हर्ट्झच्या लाइनवर २८०० च्या आसपास फेरे, आणि आठ-आठ तास न थांबता पाणी उपसायचं असतं. त्या मोटरीत कायमचे जबरदस्त चुंबक, फेरे साडेचार हजारांपर्यंत, समोरून ताशी शंभर किलोमीटरचा वारा तिला गार करत असतो, आणि पूर्ण जोरानं ती काही मिनिटंच चालते. शिवाय ती लाइनवर नाही, बॅटरीवर. पायलटच्या पाठीमागे दोन पेट्या, मिळून ३२ किलोच्या आसपास, ११८ व्होल्टपर्यंत, साधारण ४ किलोवॅट-तास. चार युनिट.

चार युनिट. आपला डेझर्ट कूलर दिवसभर-रात्रभर चालला की जेवढी वीज खातो, तेवढी.

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मी भाच्याच्या टेबलावर कागद घेऊन हिशेब केला. ग्लायडर आणि पायलट मिळून ४०० किलो धरा. शांत हवेत असं ग्लायडर सेकंदाला फक्त अर्धा मीटर खाली येतं. म्हणजे ते हवेत त्याच उंचीवर ठेवायचं तर ४०० गुणिले ९.८ गुणिले ०.५, साधारण १९६० वॅट. अडीच एचपीच्या थोडं वर. पंख्यात, मोटरीत, कंट्रोलरमध्ये जाते ती वाया धरली आणि थोडा वेग वाढवला, तरी बॅटरीतून ४ किलोवॅटच्या आसपास निघतात. पाच एचपीपेक्षा थोडं जास्त. म्हणजे काकाजींच्या बोअरला जी मोटर आहे, तिच्या ताकदीवर एक माणूस आभाळात सरळ रेषेत जाऊ शकतो. चार युनिट, तासभर, शंभरेक किलोमीटर. हिशेब तीनदा तपासला. सकाळी भाच्याला दाखवला तर तो म्हणाला, हो, पुस्तकातही एवढंच दिलंय. मला जरा वाईट वाटलं, आपण शोध लावला असं वाटत होतं.

मग एवढीशी ताकद पुरते कशी, हा खरा मुद्दा. पंखांमुळे. अशा ग्लायडरचा उतार एकास पन्नास. एक किलोमीटर उंची असली तर निवांत हवेत पन्नास किलोमीटर पुढे. आर्वीवर एक किलोमीटर उंचीवर सोडलं तर कागदावर वर्ध्यापर्यंत जाईल. आमच्या रोहिणीचा उतार याच्या निम्म्याहून कमी होता. कागदावर म्हटलं, कारण वाटेत खाली जाणारी हवा लागली की गणित बिघडतं. शहाणा पायलट अर्ध्यावरच भरवसा ठेवतो.

आणि तो खाली जातच नाही शक्यतो, कारण खालून गरम हवा वर येत असते. हे घारीला शिकवावं लागत नाही. आपल्याकडे मेच्या दुपारी नांगरलेल्या काळ्या वावरावर बघा, बाजूला संत्र्याची हिरवी बाग असली तर अजूनच चांगलं. काळी माती तापते, बाग थंड राहते, आणि त्या दोघांच्या शिवेवरून हवेचा फुगा सुटतो. एखादी वावटळ धुऱ्यावरून पाचोळा उचलत जाते ती त्याच फुग्याचा पाय. वर घार पंख न हलवता गोल फिरत असते. ग्लायडरही तेच करतं: फुगा सापडला की त्यात गोल फिरून उंची घ्यायची, मग सरळ पुढच्या फुग्यापर्यंत घसरायचं. जर्मनीतही पायलट घारींकडे बघतात; तिथली घार लालसर, शेपूट खोल दुभंगलेलं. पूर्वीसारखी आपल्याकडे गिधाडं असती तर त्यांनी अजून उंचावरचा पत्ता दिला असता. लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफाडीच्या माळावर ती रांगेनं बसलेली मी पाहिली आहेत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकनं ती संपवली, मेलेलं ढोर खाल्लं की ते विष त्यांच्या पोटात. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद केलं तोवर आमचा माळ रिकामा झाला होता.

आपलं मेचं आभाळ हे ग्लायडरवाल्याच्या दृष्टीनं काय आहे, ते भाच्यानं मला सांगितलं तेव्हा मी हसलो होतो. एक ठोकताळा आहे: हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव होतं) यातला फरक घ्या, त्याला १२५ नं गुणा, तेवढ्या मीटरवर ढगाचा तळ. आपल्याकडे ४४ अंश आणि दवबिंदू १२ असेल तर ४००० मीटर. जर्मनीत उन्हाळ्यात याच्या निम्मा मिळाला तरी मंडळी ऑफिसला दांडी मारतात. आणि वर जाताना दर हजार मीटरला दहा अंश कमी होतात, म्हणजे आर्वीत ४४ असताना ३००० मीटरवर १४. काकाजी म्हणाले, "म्हंजे महाबळेश्वर आपल्याच डोक्यावर हाय, फक्त शिडी नाई." यापेक्षा चांगलं मला सांगता आलं नसतं.

आता मोटर कशाला, तर याचसाठी की संध्याकाळ होते. ढगांची सावली पसरते, फुगे सुटायचे थांबतात, आणि मैदान अजून साठ किलोमीटर दूर असतं. पूर्वी अशा वेळी दिसेल त्या शेतात उतरायचं, फोन करायचा, आणि मित्र ट्रेलर घेऊन येईपर्यंत शेतकऱ्याच्या घरचा चहा प्यायचा. आता बटण दाबून तो घरी येतो. "मोटर ० मिनिटं" म्हणजे त्या दिवशी ते बटण दाबावंच लागलं नाही. जर्मन लोक अशा मोटरीला हाइमकेर-हिल्फे म्हणतात, घरी परतण्याची मदत. नेमका शब्द. या मोटरीवर ते जमिनीवरून उडत नाही. वर न्यायला विंच लागते, नाहीतर दोर बांधून दुसरं विमान. मोटर फक्त तरंगत ठेवते. ज्यांना स्वतः उडायचं ती ग्लायडर वेगळी असतात.

जुनी पद्धत पेट्रोलच्या टू-स्ट्रोक इंजिनाची. पाठीतून खांबावर इंजिन वर काढायचं आणि सुरू व्हावं म्हणून देवाला हात जोडायचे. सुरू झालं नाही तर तो खांब आणि पंखा वाऱ्याला अडतात आणि ग्लायडर दगडासारखं खाली येतं. नाकातल्या मोटरीचा गुण असा की नाही चालली तरी नुकसान नाही, पाती नाकाला चिकटूनच राहतात.

सगळं गोडच नाही. बॅटरी ती बॅटरी. २०१७ साली इंग्लंडमध्ये अशाच एका ग्लायडरच्या बॅटरीनं उतरताना पेट घेतला. पायलट सुखरूप निघाला, पण त्यानंतर या बॅटऱ्यांची तपासणी फार कडक झाली. लिथियमची भीती मला समजते. मी स्वतः हातानं ग्लायडरचं मॉडेल केलं आहे, दोन मीटर पंखांचं, नाकात तशीच मिटणारी पाती. त्याला ऑनलाइन मागवलेली बॅटरी दुसऱ्या महिन्यात पापडासारखी फुगली. ती वाळूच्या बादलीत घालून वावरात नेऊन ठेवली, तेव्हापासून चार्जिंग दुकानात नाही, अंगणात.

त्याच मॉडेलनं मला मोटरीबद्दल जे शिकवलं ते जर्मनीत कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या मार्चमधली गोष्ट. गहू निघालेल्या वावरात सोडलं, दोन फुगे मिळाले, मग नाल्यापलीकडे गेलं आणि खाली यायला लागलं. मी म्हणालो, मोटर आहे ना, अजून एक फुगा बघू. अजून एक बघू. तुरीच्या शेतावर वीस-पंचवीस फुटांवर आलं तेव्हा बटण दाबलं. बॅटरीकडे एकदम जोर मागितल्यावर व्होल्टेज पडलं, कंट्रोलरनं मोटर बंद केली. तीन तास शोधलं. शेंगा काढून कापलेल्या तुरीची धसकटं खिळ्यांसारखी उभी. त्यातल्या एकावर डावा पंख आरपार. भाच्याला फोटो पाठवला तर त्यानं हसण्याऐवजी त्यांच्या क्लबचा नियम लिहून पाठवला: आधी खाली उतरण्यालायक शेत निवडायचं, मग त्या शेतावर असतानाच, भरपूर उंची शिल्लक असताना मोटर सुरू करायची. मोटर चालेल असं समजून नाही, चालणार नाही असं समजून. प्रिव्हेंटर काढून टाकणाऱ्या माणसाला हा नियम मी फ्रेम करून देणार आहे.

तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. बसनं पुलगावला जाताना खिडकीतून मी वावरं बघतो, इथे उतरता येईल का. एप्रिलमध्ये गहू-हरभरा निघालेलं, न नांगरलेलं वावर सगळ्यात छान. नांगरलेल्या काळ्या मातीत ढेकळं डोक्याएवढी, चाक अडकून ग्लायडर पालथं. पऱ्हाटी (कपाशी) उभी असेल तर विचारच नको, पंख फाटतील. तूर काढलेली तर त्याहून वाईट, वरून ती सपाट दिसते. जूननंतर सोयाबीन वरून हिरवळीसारखं दिसतं आणि खाली चिखल. नाले वरून दिसतात, पण सिंगल तारेचं कुंपण आणि खांबांमधल्या तारा दिसत नाहीत. म्हणून पायलट तारा शोधत नाही, खांब शोधतो. आणि पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोवर उतरायचं कुणाच्या मनातही येऊ नये, तिथे चहा वेगळ्या प्रकारचा मिळेल.

हे सगळं मी काकाजींना सांगत होतो आणि तार ओवत होतो. मधेच एक गोष्ट सांगितली त्यावर मात्र ते चिडले. चांगला दिवस असला की पायलट ग्लायडरच्या पंखांमध्ये मुद्दाम पाणी भरतात, शंभरावर लिटर. जड ग्लायडर त्याच उतारावर जास्त वेगानं जातं. उतरण्याआधी ते पाणी हवेतच सोडून देतात.

"पंखात पानी? आन् वरतून सोडून देते?" काकाजी उठून उभे राहिले. "आमी इथं टँकरची वाट पाहून रायलो, आन् ते आभाळात पानी सांडून रायले?"

मी म्हटलं, काकाजी, तिकडं पाऊस भरपूर पडतो. त्यांचं समाधान झालं नाही.

चार वाजता ऊन थोडं कललं. शेवटचे दोन स्लॉट राहिले होते. काकाजी बराच वेळ गप्प होते, मग एक काडी घेऊन दुकानासमोरच्या धुळीत काहीतरी काढायला लागले. चौकोन, एका बाजूला ठिपका, दुसरीकडे आडवी रेघ.

"मिस्तरी, हे पाहा. हे माह्यं वावर. गहू काढला, अजून नांगरलं नाई. तुमच्या भाच्याले म्हना, कधी आला इकडं तं इथं उतरव."
"बरं."
"पन हिकडून नोको." काडी आडव्या रेघेवर. "इथं डीपीच्या तारा हायेत. हिकडून या म्हना, नाल्याकडून. इथं बाभूळ हाय, तेवढी मी तोडून घेतो."

मी त्या धुळीतल्या नकाशाचा फोटो काढला आणि भाच्याला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं: "लांबी किती?"

काकाजींना विचारलं. ते जरा विचारात पडले.

"सकाळी पावलं टाकून सांगतो म्हना," ते म्हणाले, "आन् मोटर तेवढी रातच्याले द्या."